संहितेविना संवाद : काल्याची शिस्त आणि ऑनलाइन रोलप्लेची परिभाषा

अक्षरे टाइप करून भूमिका वठवायच्या खेळांना आता अर्धशतक होत आले. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ बाजारात आला. चार वर्षांनी, १९७८ मध्ये, इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 'मड' लिहिला. त्यात चित्र नव्हते, आवाज नव्हता. समोर एखाद्या जागेचे वर्णन उमटे, खेळणारा दोन-चार अक्षरांत आपली हालचाल कळवी आणि त्याच जगात शिरलेल्या दुसऱ्या कुणाशी त्याची गाठ पडे. १९८९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात जिम ॲस्पनेस यांनी 'टायनीमड' केला. त्यात लढाया आणि गुणांना फाटा दिलेला होता. लोक नुसते भेटू, बोलू, नव्या जागा रचू लागले. पुढे चॅटच्या खोल्या आल्या, चर्चापीठे आली, डिस्कॉर्ड आले, पण गाभा तोच राहिला: दोन किंवा अधिक माणसे, प्रत्येकाचे एक पात्र आणि आधी न लिहिलेली गोष्ट. या मंडळींची एक बोलीही तयार झाली. आयसी, ओओसी, एमोट, जीएम, एनपीसी, गॉडमॉडिंग, पॉवरप्ले, मेटागेमिंग, कॅनन, एयू, रेटकॉन. नवख्यासाठी या शब्दांच्या याद्या केल्या जातात आणि त्यांकडे पाहण्याची सर्वसाधारण दृष्टी अशी, की ही संगणकवाल्यांची तांत्रिक भाषा आहे, एकदा पाठ केली की झाले. मला हे पटत नाही. यातले बहुतेक महत्त्वाचे शब्द यंत्राविषयी काहीच सांगत नाहीत. एकमेकांना न ओळखणारी माणसे मिळून, संहितेशिवाय, एक गोष्ट रचू लागली की जे तंटे होतात त्यांची ती कलमे आहेत. आणि हे तंटे संगणकाच्या फार आधीचे आहेत, याचा सर्वांत चांगला पुरावा गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या देवळांसमोर दरवर्षी उभा राहतो.

पेडण्याच्या उत्तरेला तेरेखोल नदी आणि पलीकडे सावंतवाडी-वेंगुर्ल्याचा मुलूख. अठराव्या शतकाच्या अखेरीस पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेले. राज्याची हद्द बदलली, नाटकाची बदलली नाही. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की सिंधुदुर्गातल्या दशावतारी कंपन्या आजही पेडण्यात आणि पुढे डिचोलीत येतात. सकाळी दहीहंडी फोडून प्रयोग संपतो म्हणून इथे त्याला काला किंवा दहीकालाच म्हणतात. ही कला अठराव्या शतकात कर्नाटकातून कोकणात आणली गेली असे एक मत आहे. पण रामदासांच्या दासबोधातही दशावतारी खेळाचा उल्लेख येतो, तेव्हा मुळे त्याहून जुनी असणार. आपल्या विषयाला महत्त्वाची गोष्ट अशी, की या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. गणपती, सरस्वती, संकासुर यांचा आडदशावतार ठरलेला असतो. त्यानंतरचे आख्यान कोणते लावायचे, कोणी कोणता पार्ट करायचा, प्रवेश कोणत्या क्रमाने होणार, एवढे रंगपटात ठरते. राजा प्रधानाला काय म्हणेल, नारद कोणती काडी टाकेल, राणी कशी अडवेल, हे सारे नट बाकड्यासमोर उभा राहून तिथल्या तिथे रचतो, आणि ही उत्स्फूर्त बोलाचाली रात्रभर चालते. ऑनलाइन रोलप्ले करणारा ज्याला सीन म्हणतो तो हाच: पात्रे ठरलेली, दिशा ढोबळ, शब्द त्या क्षणाचे.

परिभाषेतली पहिली जोडी घेऊ. आयसी म्हणजे पात्र म्हणून केलेले बोलणे, ओओसी म्हणजे पात्राबाहेर येऊन खेळणाऱ्याने केलेले बोलणे. 'मला आता जेवायला उठायचे आहे' हे वाक्य राजकन्येचे की ते लिहिणाऱ्या मुलीचे, हे नुसत्या मजकुरावरून कळणार नाही. म्हणून पात्राबाहेरचा मजकूर दुहेरी कंसात घालण्याची रीत पडली. त्याच गरजेतून एमोट किंवा पोझ हा प्रकार आला. टायनीमडमध्ये विसर्गचिन्हासारखी दोन टिंबे देऊन क्रियापद लिहिले की पडद्यावर पात्राच्या नावासह ती कृती उमटे, जणू कुणी तिसराच तिचे वर्णन करतो आहे. नटाला यातले काही करावे लागत नाही. मुकुट, रंगवलेला चेहरा, बाकड्यावरची बैठक आणि संस्कृतप्रचुर मराठी यांतून तो राजा ठरतो. ते उतरले की तो शेजारच्या गावचा माणूस. पण दशावतारातही सीमेवर उभी असलेली पात्रे आहेत आणि ती मला फार बोलकी वाटतात. संकासुर वेद चोरणारा दैत्य आहे, पण तो बोलतो मालवणी किंवा कोंकणी. नाईकाशी हुज्जत घालतो, समोर बसलेल्यांना चिमटे काढतो, गावातल्या ताज्या घडामोडी मध्ये आणतो. नाईक तर वादकांच्या बाजूला उभा राहून पात्रांनाही प्रश्न विचारतो आणि प्रेक्षकांसाठी धागाही जुळवतो. म्हणजे पात्राबाहेरच्या बोलण्याला काल्यात बंदी नाही. त्याला ठरलेली जागा आहे, ठरलेली माणसे आहेत आणि वेगळी भाषा आहे. दुहेरी कंसाचे काम इथे बोलीने केले आहे. राजा मात्र मध्येच मालवणीत घसरला तर प्रसंगाचा रंग उडतो, आणि रोलप्लेतही तक्रार होते ती याच घसरणीची.

खरे भांडण दुसऱ्या गटातल्या शब्दांवरून होते, म्हणून तिथे थोडे थांबायला हवे. गॉडमॉडिंग म्हणजे आपल्या पात्राला अजिंक्य करून ठेवणे: कोणताही बाण लागत नाही, कोणतेही कारस्थान चालत नाही. पॉवरप्ले म्हणजे समोरच्याच्या पात्राचे काय झाले हे आपणच लिहून टाकणे. उदाहरणाने फरक लगेच कळेल. 'ती तलवार उपसते आणि त्याचा उजवा हात छाटते' असे लिहिणारी खेळाडू दुसऱ्याच्या पात्रावर कब्जा करते. 'ती तलवार उपसते आणि त्याच्या उजव्या हाताच्या रोखाने वार करते' असे लिहिणारी वाक्य अर्धे सोडते आणि उरलेले अर्धे ज्याचे पात्र त्याला देते. हात तुटला, नुसता ओरखडा निघाला की वार हुकला, हे तो ठरवेल. साऱ्या खेळाची नीती या दोन क्रियापदांतल्या अंतरात आहे. आता काल्यातले युद्ध पाहा. पखवाज आणि झांजेच्या ठेक्यावर दोन योद्धे फेर धरतात, एकमेकांवर चालून जातात. कोण मरणार हे आख्यानाने ठरवलेले असते, पण पडायचे केव्हा आणि कसे हे पडणाऱ्याच्याच हातात असते, कारण शरीर त्याचे आहे. मारणारा त्याच्या वतीने पडू शकत नाही. लेखी खेळात मात्र पडू शकतो, कारण तिथे शरीर नाही, वाक्य आहे, आणि वाक्य कुणीही लिहू शकते. जे रंगभूमीवर अशक्य होते ते पडद्यावर सोपे झाले, म्हणूनच त्याला नाव द्यावे लागले.

मेटागेमिंगचे तसे नाही. तो दोष रंगभूमीवरही सहज शक्य आहे. खेळणाऱ्याला ठाऊक आहे पण पात्राला ठाऊक नाही, अशा माहितीचा पात्राने फायदा घेणे म्हणजे मेटागेमिंग. महाभारतातला कीचकवध घ्या. विराटाच्या घरी द्रौपदी सैरंध्री होऊन राहिली आहे, भीम बल्लव नावाचा आचारी झाला आहे आणि नर्तनशाळेत अंधारात सैरंध्रीच्या जागी तोच दबा धरून बसला आहे. कीचकाचा पार्ट करणाऱ्या नटाला हे माहीत आहे. समोर घोंगडीवर पेंगणाऱ्या पोरालाही माहीत आहे. तरीही कीचकाने सजूनधजून, अधीर होऊन, मनात शंका न आणता आत शिरले पाहिजे. त्याचा पाय उंबऱ्यावर अडखळला, स्वगतात 'आत दुसरेच कुणी असेल का' असा विचार डोकावला, की प्रसंग मेला. अभिनयाच्या दृष्टीने हे मोठे कठीण काम आहे: स्वतःचे ज्ञान बाजूला ठेवून पात्राच्या अज्ञानात मनापासून उतरणे. ऑनलाइन खेळात दुसऱ्या खोलीत शिजलेला कट खेळाडूने वाचलेला असतो आणि त्याचे पात्र नेमके त्याच रात्री गडाची दारे बंद करते. त्याला हरायचे नसते. कीचक हरायलाच येतो आणि खलपार्ट गाजवणारा नट त्या हरण्यावरच नाव कमावतो. रोलप्लेमध्ये चांगला खेळाडू आणि कच्चा खेळाडू यांत फरक करायचा तर मी हीच कसोटी लावेन. भाषेची सफाई किंवा परिच्छेदांची लांबी नंतर पाहावी.

कॅनन, एयू आणि ओसी हे शब्द तुलनेने निरुपद्रवी आहेत. मूळ कथेत जे घडले ते कॅनन. तीच पात्रे वेगळ्या परिस्थितीत टाकली तर एयू. स्वतः घडवलेले पात्र म्हणजे ओसी. रेटकॉन म्हणजे आधी घडलेले मागाहून बदलणे. पुराणांवर जगणाऱ्या नाटकाला यातले काही नवे नाही. ओळखीच्या देवादिकांभोवती पूर्ण काल्पनिक कथानक रचून केलेली आख्याने आज दशावतारात सर्रास होतात आणि मूळ पुराणात हे कुठे आहे असा वादही त्यांच्याबरोबर चालतो. मेरी सू हा शब्द मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९७३ साली पॉला स्मिथ यांनी 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांच्या कथांचे विडंबन करताना ही सर्वगुणसंपन्न नायिका रंगवली आणि तेव्हापासून लिहिणाऱ्याच्या इच्छा पुरवण्यापुरत्या जन्मलेल्या पात्राला हे नाव चिकटले. त्याचा वापर पुढे मुलींनी घडवलेल्या कोणत्याही समर्थ पात्राला हिणवण्यासाठी झाला, हे अन्यायाचे आहे. दोष पात्राच्या सामर्थ्याचा नसतो. इतरांच्या वाट्याला काहीच न ठेवण्याचा असतो.

आता अधिकाराचा प्रश्न. जीएम म्हणजे गोष्ट चालवणारा, एनपीसी म्हणजे त्याच्या ताब्यातली दुय्यम पात्रे, मॉडरेटर म्हणजे शिस्त पाहणारा. जुन्या मडमध्ये व्यवस्थापकांना विझर्ड म्हणत. यांच्यावाचून काय होते हे १९९३ मध्ये 'लॅम्डामू'त दिसले. हे जग पावेल कर्टिस यांनी १९९० च्या सुमारास झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात उभे केले होते. तिथल्या एका खेळाडूने एक छोटा प्रोग्राम वापरून इतरांच्या पात्रांच्या नावावर अत्यंत हिडीस लैंगिक कृती लिहिल्या, भरल्या दिवाणखान्यात. ज्यांची पात्रे होती त्या बायका पडद्यासमोर हतबल होऊन ते वाचत राहिल्या. ज्युलियन डिबेल यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये त्यावर लेख लिहिला आणि तो या क्षेत्रातला मूलभूत दस्तऐवज ठरला. विझर्डांनी काही महिने आधीच जाहीर केले होते की सामाजिक तंट्यांत आपण पडणार नाही. या प्रकरणानंतर तिथे अर्ज आणि मतदानाची पद्धत आणावी लागली. पॉवरप्ले हा शब्द खेळातल्या किरकोळ कुरघोडीसाठी वापरला जातो, पण त्याचे टोक कुठे जाते ते इथे कळते. दुसऱ्याच्या पात्राचे वाक्य हिसकावणे हीच सुरुवात आणि हाच शेवट. म्हणून, नियमावलीतले हे शब्द म्हणजे पोरकट काटेकोरपणा आहे असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही.

काल्यात असा नियम कुठेही लिहिलेला नाही, कारण तिथे लिखाणाचे काम माणसे करतात. नवा मुलगा आधी बारीकसारीक पार्ट करतो, हंगामभर जाणत्यांचे ऐकतो, पुराणे मुखोद्गत करतो. पेटाऱ्याची पूजा सगळ्यांनी मिळून होते. कंपनीचा मालक किंवा जुना नट कान धरायला हजर असतो आणि समोर गाव बसलेले असते. समोरच्या नटाला बोलूच न देणारा राजा कितीही गोड गळ्याचा असो, त्याच्याबरोबर काम करायला पुन्हा कोणी उत्सुक नसतो. विशेष म्हणजे संयुक्त दशावतार या प्रकारात वेगवेगळ्या कंपन्यांचे नामांकित नट एका रात्रीपुरते एकत्र येतात आणि तरीही आख्यान सांधले जाते, कारण शिस्तीचा साठा सर्वांचा एकच असतो. ऑनलाइन खेळात नागपूरचा एक, मस्कतची एक आणि डिचोलीचा एक असे तिघे एकत्र येतात. त्यांच्यामागे ना कंपनी, ना हंगाम, ना गाव. त्यांना जोडणारी एकच गोष्ट म्हणजे खेळाची परिभाषा. शब्दांच्या या याद्या मंडळीच्या जागी उभ्या राहिलेल्या आहेत, हे माझे म्हणणे आहे, आणि म्हणून त्या अर्थासह, कारणासह शिकायला हव्यात.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की काला हा देवाच्या दारातला विधी आहे, नट बिदागी घेऊन काम करतात, कथा लोकांना पाठ असते. रिकाम्या वेळी चाललेल्या करमणुकीशी त्याची बरोबरी कशी? विधीचे पावित्र्य मला मान्य आहे आणि ते कमी करण्याचा हेतू नाही. पण तुलना श्रद्धेची नाही, कारागिरीची आहे. संहिता नसताना दुसऱ्याच्या वाक्याला जागा कशी द्यावी, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. कथा पाठ असण्याने तो सुटत नाही, उलट मेटागेमिंगचा मोह वाढतो, हे कीचकाच्या उदाहरणात आलेच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लेखी खेळात समोर बसलेला प्रेक्षक नसतो, ठेका नसतो, वेळही एक नसते. एक पोस्ट आज येते, उत्तर परवा. मध्येच कुणी गायब होतो. स्त्रीपार्ट पुरुष करतो हे काल्यात सर्वांना ठाऊक असते, पडद्यामागे कोण आहे हे मात्र कुणालाच नाही. या बाबतीत दशावतार काही शिकवू शकत नाही, हे मान्य करायला हवे. पोस्टचा क्रम, किमान लांबी, एका ओळीत उत्तर उरकणाऱ्याविषयीची नाराजी, न लिहिता नुसते वाचत राहणारे, असे शब्द केवळ लेखी खेळाचेच आहेत आणि तिथे संगणकाच्या माध्यमालाच श्रेय द्यावे लागेल.

ब्लीड या शब्दाबद्दल मात्र दोन्ही बाजू पुन्हा एकत्र येतात. पात्राच्या भावना खेळणाऱ्यात आणि खेळणाऱ्याच्या पात्रात झिरपणे म्हणजे ब्लीड. पात्रांचे भांडण झाले आणि माणसे दोन दिवस बोलत नाहीत, किंवा पात्रांचे प्रेम जमले आणि एकाला ते खरे वाटू लागले. डिचोली तालुक्यात साखळीच्या चैत्रोत्सवात वीरभद्र येतो, तेव्हा ढोलाच्या नादावर आवेशात आलेल्या त्या माणसाला सावरायला भोवती माणसे असतात. भूमिका माणसाचा ताबा घेऊ शकते हे गावाने मान्य केले आहे आणि तिच्यातून परत आणण्याची सोय केली आहे. एकट्याने रात्री फोनवर खेळणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाभोवती कोणी नसते. अवघड प्रसंग सविस्तर न लिहिता फेड टू ब्लॅक म्हणून पुढे जाणे, आधी एकमेकांना विचारणे, कधीही पात्राबाहेर येऊन थांबता येणे, ही सारी शब्दयोजना त्या सोयीच्या जागी आली आहे. घरच्यांनी या शब्दांची ओळख करून घेतली तर मुलाशी काय बोलायचे ते त्यांना सुचेल.

राहिला भाषेचा मुद्दा. हे शब्द इंग्रजी आहेत, त्यांना मराठी प्रतिशब्द शोधणे ओढूनताणून होईल, असे म्हटले जाते. दशावतारानेच याचे उत्तर देऊन ठेवले आहे. पार्ट, कंपनी, ट्रिकसीन हे शब्द त्या मंडळींनी बिनदिक्कत घेतले आणि शेजारी आख्यान, कचेरी, पेटारा ठेवले. तेव्हा जीएम आणि एनपीसी राहोत. पण 'पात्रात' आणि 'पात्राबाहेर' हे आयसी-ओओसीपेक्षा ऐकताक्षणी कळतात, आणि जीएमच्या कामाची कल्पना नाईक म्हटल्याबरोबर पेडण्यातल्या कुणालाही येईल. नियम मात्र मराठीत लिहायलाच हवेत, कारण ज्या भाषेत भांडण होणार त्याच भाषेत ते मिटवावे लागते.

२०१९ मध्ये 'एआय डंजन' आले आणि समोरचा खेळाडू यंत्र असू शकतो ही शक्यता उघडली. मला वाटले होते की इथे तरी ही परिभाषा निकामी होईल, कारण यंत्राचे मन दुखावत नाही. झाले वेगळेच. यंत्राशी खेळणाऱ्यांची नित्याची तक्रार अशी, की ते गोष्ट पुढे नेताना आपल्या पात्राच्या तोंडी वाक्ये घालते, त्याला रडवते, त्याच्याकडून तलवार खाली ठेववते. म्हणजे पॉवरप्लेचीच तक्रार, या वेळी माणसाने यंत्राविरुद्ध केलेली. त्यावर लोकांनी काढलेला उपायही जुनाच आहे. खेळ सुरू करण्यापूर्वी ते यंत्राला सरळ शब्दांत बजावतात: माझे पात्र काय बोलते, काय करते हे तू लिहायचे नाही, तुझे झाले की थांब.